किडनीची पुस्तकं: दोन खंडांचा ठोकळा वाचायचा की हँडबुक पुरे? आणि जुनी आवृत्ती चालते का?

रात्रपाळीवाला

मंडळी, मेडिसिनला रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. पुढच्या महिन्यापासून तीन महिने नेफ्रोलॉजीत पोस्टिंग आहे आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलाय. एक सीनियर कोर्स संपवून गेले, जाताना त्यांनी 'ब्रेनर अँड रेक्टर्स द किडनी'चे दोन्ही खंड माझ्या गळ्यात मारले. आवृत्ती २०१० च्या आधीची आहे, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. उत्साहात पहिल्या पानापासून सुरुवात केली, गर्भात किडनी कशी तयार होते वगैरे, आणि चौथ्या पानावर तोंड पुस्तकात ठेवून झोपलो ते सकाळीच उठलो.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात राउंडला दोन पेशंट होते, दोघंही मेटफॉर्मिनवर (शुगरची गोळी). एक पन्नाशीचे गृहस्थ, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.६. दुसऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, क्रिएटिनिन १.३. माझ्याकडच्या एका जुन्या हँडबुकात साफ लिहिलंय की पुरुषांत १.५ आणि बायकांत १.४ ला पोचलं की मेटफॉर्मिन बंद. मी छातीठोकपणे म्हणालो, काकांचं बंद करू, आजींचं चालू ठेवू. सरांनी काही न बोलता फोन काढून माझ्या हातात दिला, म्हणाले जीएफआर काढ, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, वय आणि पुरुष की बाई हे धरून. काकांचा आला ५२ आणि आजींचा ४२. म्हणजे ज्यांचं मी बंद करायला निघालो त्यांची किडनी बरी आणि ज्यांचं बिनधास्त चालू ठेवत होतो त्यांच्याच डोसचा विचार करायला हवा होता. एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) क्रिएटिनिनची ती रेघ २०१६ मध्येच पुसली म्हणे, आता जीएफआर ३० च्या खाली गेला तर बंद आणि ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायची नाही, आधीपासून चालू असेल तर फायदा-तोटा बघून ठरवायचं. सगळ्या वॉर्डासमोर शोभा झाली ती वेगळीच.

तर प्रश्न असा की तीन महिन्यांत झेपेल असं नेमकं काय वाचू? हा जुना ठोकळा ठेवू की कुणाच्या तरी गळ्यात मारू? आणि सगळं फोनवर मिळत असताना पुस्तक लागतंच का?

गाळणी

अरे, तो ग्रंथ पहिल्या पानापासून वाचणारा तू पहिला नाहीस आणि झोपणाराही पहिला नाहीस. ते वाचायचं पुस्तक नाहीच, बघायचं पुस्तक आहे. शब्दकोश कुणी 'अ' पासून वाचत बसतं का? १९७६ ला पहिली आवृत्ती आली तेव्हापासून त्याचा उपयोग हाच, एखादा पेशंट डोक्यात अडकून बसला की त्यापुरता तो धडा काढायचा.

जुनी आवृत्ती चालते का याचं एकच उत्तर नाही, कारण एकाच पुस्तकातली पानं वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होतात. हेनलेच्या लूपमध्ये (किडनीतल्या नळीचं वळण) काय होतं, एडीएच (पाणी राखून ठेवणारं हार्मोन) कुठे काम करतं, पोटॅशियम बाहेर कसं टाकलं जातं, हे धडे वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतून वाचलेस तरी फार काही बिघडत नाही, उलट जुन्या लोकांनी ते जास्त निवांत समजावलंय असं माझं मत आहे. उपचारांची पानं मात्र दुधासारखी नासतात, फक्त वास येत नाही.

मी स्वतः शिकत होते तेव्हा लघवी कमी झालेल्या प्रत्येक आयसीयू पेशंटला 'रीनल डोस' डोपामिन (किडनीचा रक्तपुरवठा वाढावा म्हणून कमी डोसमध्ये) लागायचं. पुस्तकात होतं, सीनियर सांगायचे, आम्ही लावायचो. २००० मध्ये मोठी ट्रायल आली, फायदा शून्य. तरी पुढे कित्येक वर्षं लोक लावत होते कारण शेल्फवरचं पुस्तक तेच होतं. एरिथ्रोपोएटिनचंही (रक्त वाढवणारं इंजेक्शन) तसंच, आधी वाटायचं हिमोग्लोबिन जितकं नॉर्मलला नेऊ तितकं बरं, मग २००६ च्या दोन ट्रायल आणि २००९ ची एक अशा तिघींनी मिळून दाखवलं की तेरापर्यंत रेटण्यात फायदा नाही, उलट धोका आहे, स्ट्रोकसुद्धा.

पुस्तकाचं वय ओळखायची माझी एक खोड आहे, ती सांगते. कव्हर बघायचं नाही. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचं (किडनीच्या गाळणीचा एक आजार) पान उघडायचं. तिथे पीएलए२आर अँटीबॉडी (या आजाराचं बऱ्याच पेशंटमधलं कारण) नसेल तर पुस्तक २००९ च्या आधीचं. मग डायबेटिक किडनीचं पान. तिथे एसजीएलटी२ वाली औषधं किडनी वाचवायला म्हणून दिलेली नसतील, फक्त साखरेची गोळी म्हणून एखाद्या ओळीत असतील, तर २०१९ च्या आधीचं. ही दोन पानं जुनी निघाली की त्या पुस्तकातला एकही डोस, एकही टार्गेट नवीन ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय वापरायचं नाही. फिजिओलॉजी मात्र खुशाल वाच.

रोज हाताशी ठेवायला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह क्लिनिकल नेफ्रोलॉजी' घे. चित्रं भरपूर, तक्ते चांगले, आणि पेशंट समोर असताना पुढे काय करायचं याचा रस्ता दाखवते. उपचारांसाठी केडिगोच्या (किडनीच्या उपचारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) गाइडलाइन्स, त्या फुकट डाउनलोड होतात. सीकेडीची (किडनीचा दीर्घकाळचा आजार) २०२४ ची नवीन आहे, आधीची २०१२ ची होती. बायोप्सीचा रिपोर्ट कळत नसेल तर हेप्टिनस्टॉल आहे, पण तो पॅथॉलॉजीवाल्यांचा वेद, तुला तीन महिन्यांत नको. त्यांच्या खोलीत जाऊन मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्यातून बघत उभा राहा, तेवढं पुरे.

मुंगीच्या_पावलांनी

गाळणी मॅडमशी सहमत, पण माझा मुद्दा थोडा वेगळा. (मी नेफ्रोवाला नाही, साधा फिजिशियन.) किडनीचं कुठलंही पुस्तक उघडायच्या आधी अ‍ॅसिड-बेस आणि इलेक्ट्रोलाइट पक्के कर. नेफ्रोलॉजीला येणारे निम्मे कॉल 'सोडियम ११२ आहे, काय करू' असेच असतात, आणि तिथे दुर्मिळ ग्लोमेरुलर आजारांची यादी पाठ असून काही उपयोग नाही. बर्टन रोझ यांचं अ‍ॅसिड-बेस आणि इलेक्ट्रोलाइटवरचं पुस्तक शोध. शेवटची आवृत्ती २००१ ची, म्हणजे मॅडमच्या परीक्षेत हमखास नापास, पण मी अजून तेच उघडतो. फक्त सोडियम किती वेगाने वाढवायचं हे आजच्या गाइडलाइनमधून घे, जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये चोवीस तासांत ८ च्या वर जायचं नाही.

आणि हे पुस्तक झोपून वाचता येत नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. उदाहरण देतो म्हणजे कळेल. सोडियम १४०, क्लोराइड १०५, बायकार्ब १०. अ‍ॅनियन गॅप (सोडियममधून बाकी दोन वजा) झाला २५, म्हणजे वाढलेला. इथपर्यंत सगळे येतात. आता पीसीओ२ (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) आहे ३४. रिपोर्टवर ३५ ते ४५ नॉर्मल छापलेलं असतं, म्हणून नवीन पोरगा म्हणतो, जरासाच कमी आहे, ठीक आहे. पण विंटर्सचं सूत्र (एवढ्या बायकार्बला पीसीओ२ किती असायला हवा ते सांगणारं) लाव, दीड गुणिले बायकार्ब अधिक ८, म्हणजे २३ च्या दोन इकडे-तिकडे असायला हवा होता. ३४ म्हणजे पेशंट जेवढा श्वास टाकायला हवा तेवढा टाकू शकत नाहीये, दमलाय, पीएच ७.१ च्या खाली गेलाय आणि थोड्या वेळात ट्यूब घालायची वेळ येणार. तो 'जवळजवळ नॉर्मल' आकडाच त्या रिपोर्टमधला सगळ्यात वाईट आकडा आहे. हे अ‍ॅपमध्ये आकडे टाकून मिळतं, नाही असं नाही, पण रात्री तीन वाजता नुसता रिपोर्ट बघून पाय लटपटायला हवेत तर पन्नास गणितं हाताने केलेली असावी लागतात.

दुसरं, लघवी स्वतः बघ. दहा मिली घे, सेंट्रिफ्यूज कर, वरचं ओतून दे, तळातला थेंब स्लाइडवर. मातकट तपकिरी कास्ट (किडनीच्या नळीत तयार झालेले साचे) एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की एटीएनचा (किडनीच्या नळ्यांना झालेली अचानक इजा) धडा परत वाचावा लागत नाही. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा स्लाइड घाण आहे समजून पुसून टाकली होती. लॅबच्या ताईंनी दुसरी लावून दिली आणि म्हणाल्या, डॉक्टर, घाण नाही, हेच ते.

क्लिक_क्लिक

कोणत्या काळात आहात लोकहो? खांदा दुखेपर्यंत पुस्तकं कोण वाहतं आता. अपटूडेट (डॉक्टरांसाठीची ऑनलाइन माहितीची साइट) उघडा, प्रश्न टाका, उत्तर घ्या, पुढच्या पेशंटकडे जा. आवृत्तीचं टेन्शन नाही, मेम्ब्रेनसचं पान बघायला नको, काही नको.

मुंगीच्या_पावलांनी

@क्लिक_क्लिक, गंमत बघा, ज्या रोझ साहेबांचं पुस्तक मी वर सुचवलं त्यांनीच १९९२ मध्ये अपटूडेट सुरू केलं. त्यांनाही पुस्तक छापून होईपर्यंत जुनं होतं याचाच वैताग असणार. तेव्हा तुमचं म्हणणं त्यांना पटलं असतं :)

पण एक अडचण आहे. शोधायला आधी नाव माहीत लागतं. पाय सुजलेत, लघवीत प्रोटीन आहे, क्रिएटिनिन हळूहळू चढतंय, पाठीत दुखतंय, वय पासष्ट. याचं सर्चमध्ये काय टाकणार? 'मायलोमा' (रक्ताचा एक कॅन्सर) हा शब्द ज्याच्या डोक्यात येईल त्यालाच मायलोमाचं पान सापडेल. पुस्तकात दुसरंच काही शोधताना शेजारच्या पानावर तो भेटून गेलेला असतो. आणि गाइडलाइन काय करायचं ते सांगते, असं का याचा हिशोब फार थोडक्यात. एसीई इन्हिबिटर (बीपीची गोळी) सुरू केल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नका, ही गाइडलाइनची एक ओळ. ती पाठ करणारा २८ टक्क्यांना शांत राहतो आणि ३१ टक्क्यांना गडबडतो. एफरंट आर्टेरिओल (गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक धमनी) सैल पडून ग्लोमेरुलसमधलं, म्हणजे त्या गाळणीतलं, प्रेशर उतरतं म्हणून आकडा चढतो हे ज्याला कळलंय तो पेशंट कोरडा पडलाय का, सोबत पेनकिलर चालू आहे का, किडनीच्या धमन्या अरुंद आहेत का, हे बघायला जातो.

क्लिक_क्लिक

मायलोमावालं पटलं. बाकी नाही.

थ्रिल_बघा_आधी

मी डायलिसिस टेक्निशियन, बारा वर्षं झाली. आमच्या युनिटमध्ये 'हँडबुक ऑफ डायलिसिस' आहे, दौगिर्दास आणि मंडळींचं, त्याची शिवण उसवलीये, तीनदा चिकटपट्टी लावून झाली, आणि त्यातली पहिल्या डायलिसिसची पानं तर सुटी होऊन वेगळ्या फाइलमध्ये लावलेली आहेत. यावरून काय ते समजा. नवीन डॉक्टर आले की मी तेच हातात देतो, म्हणतो सर, आधी एवढी चार पानं वाचा मग प्रिस्क्रिप्शन लिहा.

कारण एकदा झालेलं आहे. नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदाच डायलिसिस होणाऱ्या पेशंटला चार तास लिहिले, मोठा डायलायझर, पंप ३००. युरिया २८० होता. त्यांचा हेतू चांगलाच, इतकं घाण रक्त आहे तर चांगलं साफ करू. मी म्हणालो सर दोन तास करू, पंप कमी ठेवू, उद्या परत घेऊ. ते म्हणाले का? आणि मला का ते धड सांगता येईना, एवढंच माहीत की असं करत नाहीत. शेवटी ते हँडबुकच उघडून पुढे ठेवलं. रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला तितक्या वेगाने उतरत नाही, मग पाणी मेंदूत शिरतं आणि सूज येते, डोकेदुखी, उलट्या, फिट. डिसइक्विलिब्रियम. सरांनी वाचलं, खोडलं, दोन तास लिहिले. चांगले होते, रागावले नाहीत.

पण पुस्तकात नसलेलं पण पुष्कळ आहे. फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात जोडलेली धमनी आणि शीर) हात ठेवल्यावर जी थरथर लागते, थ्रिल म्हणतो आम्ही, ती पुस्तकात 'पाल्पेबल थ्रिल' एवढीच असते. ती मांजराच्या घुरघुरण्यासारखी सलग लागली तर ठीक, आणि नुसते ठोके लागायला लागले, नाडीसारखं टण टण, तर पुढे कुठेतरी शीर अरुंद झालीये, हे बोटालाच कळतं. १९६६ पासून फिस्टुला करतायत पण तपासायचं मशीन अजून तेच, तीन बोटं. रात्रपाळीवाले सर, तुम्ही पोस्टिंगला याल तेव्हा रोज दहा मिनिटं युनिटमध्ये या आणि सगळ्यांच्या फिस्टुलावर हात ठेवून बघा. कुणी नको म्हणत नाही, उलट पेशंटच शिकवतात, त्यांना स्वतःची थ्रिल झोपेतसुद्धा माहीत असते.

एक_लेक

मी डॉक्टर नाही, धाग्यात मध्येच घुसतेय, चालत नसेल तर सांगा. बाबांना सीकेडी स्टेज ३ सांगितलंय, क्रिएटिनिन १.७. त्या दिवसापासून मी रात्र रात्र मोठी पुस्तकं वाचतेय, जी काही ऑनलाइन दिसतात ती. प्रत्येक धडा शेवटी डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांटवर जाऊन थांबतो. बाबा छान फिरतात, जेवतात, आणि मी त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात वर्षं मोजत बसते. डॉक्टर म्हणतात काळजी नको पण पुस्तक तर वेगळंच सांगतंय. वर तुम्ही सांगितलेल्यातलं मी काय वाचू?

गाळणी

@एक_लेक, अगदी चालतं. ताई, त्यातलं काहीच वाचू नका. थट्टा नाही करत. ती पुस्तकं आम्हा लोकांसाठी लिहिलीयत आणि त्यातले पेशंट कोण, तर ज्यांचा आजार वाढून ते मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचले ते. जे वर्षानुवर्षं स्टेज ३ मध्येच राहिले आणि वर्षातून दोनदा रिपोर्ट दाखवून घरी गेले त्यांच्यावर धडा कोण लिहितंय? स्टेज ३ मधल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येतच नाही.

तुम्ही फक्त दोन आकडे मागून घ्या. एक जीएफआर, नुसतं क्रिएटिनिन नको, कारण १.७ चा अर्थ वयानुसार आणि पुरुष की बाई यानुसार बदलतो (रात्रपाळीवाल्याची फजिती वाचलीत ना). दुसरा लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, हा बरेचदा करायचाच राहून जातो. तो ३० च्या खाली आहे, ३० ते ३०० मध्ये आहे की ३०० च्या वर, यावर पुढचं चित्र पुष्कळ बदलतं. वय, पुरुष की स्त्री, आणि हे दोन आकडे एवढ्यावरून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी व्हायची शक्यता किती ते काढायचं सूत्र आहे, केएफआरई म्हणतात, २०११ पासून वापरात आहे. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की बाबांचा केएफआरई किती येतो. मनातल्या मनात वर्षं मोजण्यापेक्षा ते बरं.

आणि एक घरातलं काम करा. बाबा गुडघेदुखीला, कंबरदुखीला कुठली गोळी स्वतःहून घेतात का ते बघा, खिशात, उशीखाली, सगळीकडे. सापडली तर पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

एक_लेक

सापडली. चष्म्याच्या डबीत. डायक्लोफिनॅक.

गाळणी

उद्याच फोन करा त्यांना. बाबांवर ओरडू नका, फक्त दुखण्यावर दुसरा पर्याय काय ते विचारून घ्या. दुखतंय म्हणूनच घेत होते ना ते.

रात्रपाळीवाला

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मॅडम, तुमची परीक्षा घेतली. मेम्ब्रेनसचं पान उघडलं, पीएलए२आर नाही, सगळीकडे 'इडिओपॅथिक' (कारण अज्ञात). आणि त्या शब्दाखाली आमच्या सीनियरांनी पेन्सिलीने दोन रेघा मारून बाजूला लिहिलंय: "म्हणजे नक्की काय??" दोन प्रश्नचिन्हं. त्यांना तेव्हा उत्तर मिळालं असेल की नाही कोण जाणे, मी फोटो काढून पाठवलाय.

तर ठरवलंय असं: पहिला खंड, फिजिओलॉजीवाला, ठेवतो. दुसऱ्यातली उपचारांची पानं स्टेपल करून टाकणार होतो, पण डोपामिनचं वाचायला मजा येतेय, ठेवतो तोही. वर सांगितलेलं क्लिनिकल वालं लायब्ररीतून उचललं. केडिगो फोनमध्ये उतरवलं. गणितं रोज पाच, काल चौथ्यातच अडकलो, गॅप नॉर्मल आणि तरी अ‍ॅसिडोसिस, वेगळा धागा काढू का?

मुंगीच्या_पावलांनी

धागा कशाला, जुलाब विचारलेस का पेशंटला? नसतील तर लघवीतलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड टाक इथेच.

थ्रिल_बघा_आधी

सर, सकाळच्या शिफ्टला या, पण मशीन लावायच्या वेळी नको, तेव्हा आम्हाला बोलायला फुरसत नसते. नऊनंतर या. आणि घड्याळ काढून या, हात कोपरापर्यंत धुवावे लागतील.